लिस्बनला जाऊन आलो, त्याबद्दल सहा वर्षांनी थोडं

समुद्रकाठ

३ सप्टेंबर २०२५ ला लिस्बनमध्ये ग्लोरिया नावाची चढावरची गाडी केबल तुटून खाली घसरली आणि सोळा माणसं गेली. ती बातमी पाहिली त्या रात्री मला झोप लागली नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही तिघं, आई, नवरा आणि मी, त्याच पिवळ्या डब्यात बसलो होतो. १८८५ पासून चालणारी गाडी आहे म्हणून आईला कोण कौतुक! गुडघ्यावर पर्स घेऊन ती लाकडी बाकावर बसली आहे असा फोटो माझ्याकडे आहे. तो काढून बघत बसले आणि मग सगळेच फोटो काढले. प्रवासवर्णन लिहायचं तेव्हापासून राहूनच गेलं होतं, ते आता लिहिते. दिवसवार नाही जमणार. जे मनात राहिलंय तेवढंच.

आम्ही मूळचे रेवदंड्याचे. खाडीपलीकडे कोर्लई, तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, हे आईने लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे युरोपात एकच शहर बघायचं तर कुठलं, असं विचारल्यावर पॅरिस, रोम सगळं बाजूला ठेवून ती म्हणाली, "फिरंग्यांचं गाव बघू."

लिस्बनच्या अल्फामा नावाच्या जुन्या भागात एका म्हातारीच्या घरात खोली घेतली होती. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटी देता यावी. वर दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं, आईलाही नाही. म्हातारीने किल्ल्यांचा जुडगा वर धरला आणि म्हणाली, "शाव्ह." आईने तो हातात घेतला, माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, चावी म्हणत्येय ती!" मग दोघींचा खेळच सुरू झाला. म्हातारी वस्तूला हात लावायची, नाव सांगायची, आई मराठीत म्हणायची. बाल्द, बादली. फीता, फीत. बटाटा तर बटाटाच. स्वयंपाकघरातलं घमेल्यासारखं भांडं दाखवून ती "गामेला" म्हणाली, तेव्हा आईने तिचा हातच धरला. पुढचे पाच दिवस त्या दोघी सकाळी एकत्र कॉफी प्यायच्या. काय बोलायच्या देव जाणे, पण बोलायच्या.

आता लिस्बनच्या नदीकाठच्या बेलें भागाबद्दल. जेरोनिमोसचा मठ सुंदर आहे, हे आधी सांगते. दगडात दोरखंड, गाठी, पोवळी, समुद्रातलं काय काय कोरलंय, आणि आतले खांब ताडाच्या झाडासारखे वर जाऊन फाकतात. १५०१ च्या सुमारास काम सुरू झालं आणि जवळजवळ शंभर वर्षं चाललं. पैसा कुठून आला? पूर्वेकडून आणि आफ्रिकेतून येणाऱ्या मालावर पाच टक्के कर होता, त्यातून. आत शिरल्यावर एका बाजूला वास्को द गामाची कबर, समोर कवी कामोंइशची. गामाच्या कबरीपाशी माणसं रांगेने फोटो काढत होती. मी नाही काढला. तिथून चालत गेलं की नदीकाठी ५२ मीटर उंचीचं दगडी जहाज आहे, १९६० साली बांधलेलं. त्यावर तेहेतीस माणसं आहेत, राजे, दर्यावर्दी, धर्मोपदेशक, नकाशे करणारे. खाली फरशीत जगाचा नकाशा, कुठे कधी पोचले त्याची सालं घालून. आईने त्यात आपला किनारा शोधला. मला मात्र राग आला. ज्यांच्या दारी ही जहाजं गेली त्यांच्यातलं एक माणूस त्या तेहेतीसांत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी कार्मो.

कार्मोचं चर्च टेकडीवर आहे. १३८९ मध्ये पाया घातलेलं. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी साडेनवाच्या पुढे भूकंप झाला. त्या दिवशी सर्व संतांचा सण, त्यामुळे सगळं शहर चर्चमध्ये, सगळीकडे मेणबत्त्या. छपरं लोकांवर पडली. माणसं मोकळ्या जागेत म्हणून नदीकडे पळाली, तर नदीतून लाटा आल्या, आणि मेणबत्त्यांच्या आगी पुढे कितीतरी दिवस जळत राहिल्या. कार्मोचं छप्पर त्या दिवशी गेलं, ते आजही नाही. खांबांवर कमानी उभ्या आहेत आणि वर नुसतं आकाश. खाली हिरवळ. माझा नवरा लातूरकडचा. किल्लारीच्या वेळी नऊ वर्षांचा होता. गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले, आणि ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. दगड-मातीच्या जड भिंती, माळवदाची छपरं. तो एरवी गाईडच्या आधी माहिती सांगणारा माणूस, तिथे अर्धा तास एका खांबाला पाठ लावून बसला. मीही काही विचारलं नाही.

आई मात्र त्या कमानीखाली उभी राहून म्हणाली, "ही तर आपली सातखणी."

ज्यांनी रेवदंडा पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: किल्ल्यात पोर्तुगीजांच्या चर्चचा उंच मनोरा आहे, सात मजल्यांचा म्हणून सातखणी. वरचे खण कोसळलेत. आम्ही लहानपणी त्याच्या सावलीत चिंचा वेचायचो. तेच दगडकाम, तेच आकाश. एवढं लांब येऊन मला पहिल्यांदा कळलं की आमच्या वाडीतल्या त्या पडक्याला एक गाव होतं, आणि त्या गावावरही छप्पर कोसळलं होतं.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हे शहर स्वतःची जखम उघडी ठेवतं. तिला झाकत नाही, उलट जपतं, हिरवळ लावतं, तिकीट लावतं. पण दुसऱ्यांना दिलेल्या जखमा मात्र बेलेंच्या नदीकाठी कुठे दिसल्या नाहीत. तुमच्यापैकी जे जाऊन आलेत त्यांना काय वाटलं?

पायपीट

फार छान लिहिलंय ताई. चावीचा प्रसंग घरी वाचून दाखवला.

माझे प्रश्न साधे आहेत. आम्ही मे महिन्यात जायचं ठरवतोय, सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास आहे. चढ किती आहेत? २८ नंबरची ट्राम घ्यावी का? आणि शाकाहारी काय मिळतं?

समुद्रकाठ

पायपीट, चढ खूप आहेत, आणि चढापेक्षा उतार त्रासदायक. फुटपाथ सगळे पांढऱ्या-काळ्या दगडांच्या तुकड्यांचे, नक्षी बघत राहावी अशी, पण गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की साबण लावल्यासारखे होतात. रबरी तळव्याचे बूट घ्याच. आईची चप्पल आम्ही पहिल्याच दिवशी बदलली.

खालच्या सपाट भागातून कार्मोकडे जायला सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट आहे, १९०२ ची. रांग मोठी असते. २८ नंबरची ट्राम मार्तिम मोनीशहून सुटते, तिथे सकाळी लवकर गेलात तर सासूबाईंना बसायला मिळेल. दहानंतर लोंबकळत जावं लागतं आणि खिसेकापूही असतात, पर्स पुढे धरा.

जेवणाचं: काल्दु व्हेर्द नावाचं बटाटा आणि हिरव्या पानांचं सूप मिळतं, पण वर सॉसेजची चकती टाकतात, ती नको म्हणून आधी सांगायचं. चीज, पाव, ऑलिव्ह, फळं भरपूर. कस्टर्डच्या त्या छोट्या टार्टवर दालचिनीची पूड भुरभुरून देतात, त्यात अंडं असतं हे लक्षात घ्या. आणि साध्या कॅफेच्या काचेमागे समोसे दिसतील! नाव शामुसा. आत बहुतेक मटण किंवा चिकन, म्हणून विचारून घ्या.

वसईवाला

ताई, तुम्ही कार्मो पाहायला लिस्बनला गेलात. वसईच्या किल्ल्यात या, एक सोडून अनेक कार्मो दाखवतो. छप्पर एकालाही नाही. भिंतींतून पिंपळ आलेत, जमिनीवरच्या थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरं आहेत आणि त्यांवर बसून लोक डबा खातात. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे.

मी वसईतला ख्रिस्ती. आम्ही घरात चर्चला देऊळच म्हणतो. आजी नारोशंकराच्या घंटेखाली उभी राहिली होती तेव्हा तिने क्रूसाची खूण केली आणि मग बाकीच्यांसारखा हातही जोडला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणून मला तुमचा राग समजतो, पण पुरता पटत नाही. त्या दर्यावर्द्यांनी जे केलं ते केलं, पण माझी प्रार्थना, आमची लग्नाची गाणी, पावाची भट्टी, हे सगळं त्याच वाटेने आलंय. ते मी कुणाच्या जखमेत धरू?

समुद्रकाठ

वसईवाला, तुमच्या आजीचं वाचून गलबलून आलं. नाही, तुमची प्रार्थना ही जखम नाही. माझा राग त्या दगडी जहाजावर आहे, त्यातून उतरून इथे रुजलेल्या माणसांवर मुळीच नाही. हे मी आधी नीट लिहायला हवं होतं.

तेजोकाठी

लिस्बनमध्ये अकरा वर्षं राहतोय म्हणून दोन-तीन गोष्टी.

एक. कार्मोचं छप्पर सुरुवातीपासून मुद्दाम ठेवलं नाही असं नाही. भूकंपानंतर लगेच पुन्हा बांधायला घेतलं होतं. १८३४ मध्ये मठ बंद झाले तेव्हा काम थांबलं, आणि पुढे लोकांना ते अवशेषच आवडू लागले म्हणून तसंच ठेवलं. त्याच चौकात २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी वेढा दिला आणि हुकूमशाही राजवटीचा शेवटचा पंतप्रधान शरण आला. बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवली होती ती हीच क्रांती.

दोन. रोसियो चौकाच्या बाजूला सांव दोमिंगुशचं चर्च पाहिलंत का? १५०६ मध्ये तिथून ज्यूंची कत्तल सुरू झाली. १९५९ मध्ये आतून जळालं. दुरुस्तीत छप्पर घातलं, पण खांब जळके, तडकलेलेच ठेवले. बाहेरच्या चौकात २००८ पासून त्या कत्तलीचं स्मारक आहे. तेव्हा इथली माणसं दुसऱ्यांच्या जखमा अगदीच विसरलीत असं नाही. इथे गामा आणि बेलेंवरून शाळा-कॉलेजांत, वर्तमानपत्रांत भांडणं होतात, जोरात होतात.

तीन. बेलेंच्या मनोऱ्यावर बाहेरच्या बुरुजाखाली एक झिजलेलं गेंड्याचं डोकं कोरलंय. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे १५१५ ला इथे उतरला. युरोपात कित्येक शतकांत कुणी गेंडा पाहिला नव्हता. पोर्तुगीजांनी त्याला नावही आपल्याकडचंच ठेवलं, गांदा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोपला भेट म्हणून पाठवला तर वाटेत जहाज बुडालं, बिचारा साखळीत होता. जर्मन चित्रकार ड्यूररने न पाहता, वर्णनावरून आणि एका कच्च्या रेखाटनावरून काढलेलं त्याचं चित्र सगळ्यांना माहीत असतं. माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिला तो दाखवला. आता तिकडून गेलो की ती त्याला हात हलवते.

पायपीट, सासूबाईंना फार चालायला न लावता सांव व्हिसेंत द फोरा दाखवा. मुंबई जिच्या लग्नाच्या आंदणात १६६१ च्या तहाने इंग्रजांना गेली, ती कातरिना तिथे राजघराण्याच्या दफनघरात आहे. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली होती. मुंबईच्या माणसाने तिथे पाच मिनिटं थांबावं असं मला वाटतं.

पायपीट

हे माहीतच नव्हतं. आम्ही गिरगावचे. नक्की थांबू.

समुद्रकाठ

सांव दोमिंगुशला गेलो होतो. आत शिरलं की काहीतरी जळाल्याचा भास होतो, इतक्या वर्षांनीही. खांबांचे दगड पापुद्रे सुटल्यासारखे झालेत. आई तिथे बसली, म्हणाली, "इथे रंग दिला नाही ते बरं केलं." माहिती दिलीत ते फार बरं झालं, तेव्हा स्मारक पाहिलं होतं पण नीट वाचलं नव्हतं. गेंडा मात्र राहिला!

गोंयकार

मी मडगावचा. सगळं वाचून काढलं. वसईवाल्यांशी मी सहमत आहे आणि नाहीही. आमच्या घरात दोन्ही आहेत, शागुतीही आणि १५६० पासून अडीचशे वर्षं चाललेल्या इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाची, भीतीही. गार्सिया द ऑर्ताचं उदाहरण घ्या. पोर्तुगालहून आलेला ज्यू वंशाचा वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं. आपल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला. तो मेल्यावर बारा वर्षांनी त्याची हाडं उकरून जाळली. आज लिस्बनमध्ये नदीकाठी त्याच्या नावाची बाग आहे. रोसियोच्या चौकात जिथे नाट्यगृह आहे, तिथे त्या न्यायासनाचा वाडा होता.

पण मला वेगळंच सांगायचंय. समुद्रकाठ ताई, तुमच्या आईच्या शब्दांत एक राहिला. तुरुंग. तोही त्यांचाच, त्रोंकु. पायांत अडकवायच्या लाकडी खोड्याला म्हणायचे.

गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेल्यांना त्यांनी थेट पोर्तुगालला नेऊन कोंडलं. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना पेनिशच्या समुद्राकाठच्या किल्ल्यात. आणि तुमच्या सांगलीकडचे मोहन रानडे. १९५५ मध्ये पकडले, सव्वीस वर्षांची शिक्षा. पुढे त्यांना लिस्बनजवळ काशियशच्या किल्ल्यात नेलं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आम्ही रस्त्यावर नाचलो, आणि रानडे तिथे एकट्याच्या कोठडीत होते. सुधीर फडक्यांनी आणि इतर कितीजणांनी सुटकेसाठी जिवाचं रान केलं तेव्हा १९६९ च्या जानेवारीत ते सुटले. १९६१ नंतरची सात वर्षं! त्यांच्यावर इथे एवढ्या मोठ्या धाग्यात अजून कुणी एक ओळ लिहिली नव्हती म्हणून लिहिलं. राग मानू नका.

तेजोकाठी

गोंयकार, बरं झालं लिहिलंत. से नावाच्या मोठ्या चर्चशेजारी आल्जुबचा जुना तुरुंग आहे, २०१५ पासून संग्रहालय. हुकूमशाहीत कोंडलेल्यांची, छळ सोसलेल्यांची, वसाहतींतल्या लढ्यांची माहिती तिथे आहे. अरुंद कोठड्याही पाहायला मिळतात. २८ नंबरची ट्राम दारावरून जाते आणि बहुतेक लोक आत न जाता पुढे जातात. पेनिशच्या किल्ल्यातही आता संग्रहालय आहे. काशियश मात्र आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. १९७४ च्या क्रांतीत दोन दिवसांत तिथले राजबंदी सोडले, त्याचे फोटो आल्जुबमध्ये पाहायला मिळतील.

वसईवाला

रानडेंचं नाव ऐकून होतो. लिस्बनजवळ होते हे माहीत नव्हतं. आल्जुब यादीत घेतलं.

समुद्रकाठ

गोंयकार, राग कसला मानू. तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला, आज दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

चौथ्या दिवशी आम्ही काइश दु सोद्रेहून लोकल पकडून काश्कायशला समुद्रावर गेलो होतो. गाडी सगळी नदीच्या काठाकाठाने जाते. आईला डावीकडची खिडकी दिली होती. तेजोकाठी, काशियश त्याच लाइनवर आहे ना? मघाशी सगळे फोटो पुन्हा पाहिले. गाडीतून काढलेले अकरा आहेत, सगळे नदीचे, एका बाजूचे. सातव्या फोटोत काचेत पलीकडच्या खिडकीचं प्रतिबिंब आहे आणि त्यात स्टेशनची पाटी, अक्षरं उलटी. मोठं करून वाचलं. तीच.

रानडे २०१९ च्याच जूनमध्ये पुण्यात वारले. आम्ही ऑक्टोबरात तिथून गेलो. घरात पेपर येतो, बातमी मी वाचली असणारच, आणि तरी मी त्या पाटीकडे पाठ करून पाण्याचे फोटो काढत होते. बेलेंच्या दगडी जहाजावर आपलं माणूस नाही म्हणून मी एवढी चिडले होते.

संध्याकाळी आईला फोन केला. तिला नाव लगेच आठवलं. म्हणाली, सुटले तेव्हा ती रेवदंड्याच्या शाळेत होती, बाईंनी वर्गात उभं राहून सांगितलं होतं आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग थोडा वेळ काही बोलली नाही. "तिथून गेलो का गं आपण? तेव्हा म्हणाली असतीस तर उतरलो असतो. नुसतं फाटकापाशी उभं राहिलो असतो."

तेजोकाठी

हो, त्याच लाइनवर. स्टेशनपासून वर चढ आहे. आईंना घेऊन याल तेव्हा कळवा, मी गाडी घेऊन येतो.